दाराआडची आत्या

कादंबरी वाचताना मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत. लेखकाने नाक धारदार लिहिलं, डोळे घारे लिहिले, तरी नाक एकीकडे आणि डोळे दुसरीकडे असेच राहतात, त्यांचा माणूस होत नाही. लहानपणी वाटायचं, सगळ्यांचंच असं होत असेल. लग्नानंतर कळलं की तसं नसतं. माझ्या बायकोला पहिल्या दोन पानांतच माणूस चालताबोलता दिसतो. मला तो काढावा लागतो. पेन्सिलीने कागदावर काढला की मगच तो माझ्यापुरता जिवंत होतो आणि पुढची पानं मी त्याला बघत बघत वाचतो.

हे सांगायचं कारण, माझ्या वह्या बघून लोक म्हणतात की हात चांगला आहे, कुठे शिकलात. मी कुठेच शिकलेलो नाही. बेलापूरला पाइपिंगचं काम करणाऱ्या एका ऑफिसात मी ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर पाइप, व्हॉल्व्ह आणि टाक्या काढतो. वह्यांमधली चित्रं आली ती वाचण्यातून, आणि वाचणं पुन्हा सुरू झालं ते आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका बाईंमुळे. सगळी सोसायटी त्यांना ताई म्हणायची, मीही म्हणायचो. त्यांच्याविषयी लिहायचं मी आजवर टाळत आलो.

आम्ही कामोठ्याला राहायला आलो तेव्हा मुलगी बालवाडीत होती. चौथा मजला, वन बीएचके. पहिल्याच महिन्यात लिफ्ट बंद पडली ती तीन आठवडे. ऑफिसातून आलो की चार मजले चढायच्या आधी मी खाली पार्किंगमध्ये दोन मिनिटं टेकायचो. तिथे ताई प्लास्टिकच्या खुर्चीत वाचत बसलेल्या असायच्या. साठी ओलांडलेली, बारीक चणीची बाई. सुती साडी, घट्ट अंबाडा. लग्न केलेलं नव्हतं, एकट्याच राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या त्या तिथूनच रिटायर झाल्या, एवढं मला वॉचमनकडून कळलं होतं.

"काय वाचताय?" मी एकदा सहज विचारलं.

त्यांनी मान जरा कलती करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचता?"

"वाचायचो. आता वेळ मिळत नाही."

"लिफ्ट बंद आहे तोवर तरी मिळतोय," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन एक पुस्तक घेऊन आल्या. त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं. "पान दुमडायचं नाही. ओल्या हाताने धरायचं नाही. आणि परत करताना मी दोन प्रश्न विचारणार."

दोन प्रश्न ठरलेले असायचे. कोण आवडलं, आणि कोण नाही आवडलं. पुस्तक चांगलं आहे की वाईट, हे त्यांनी कधी विचारलं नाही. माणसांबद्दलच विचारायच्या, आणि उत्तर दिलं की 'का' विचारायच्या. लिफ्ट सुरू झाली तरी आमचं चालूच राहिलं. दर रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला मी पुस्तक परत द्यायला खाली जायचो. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला लागून तीन कपाटं होती, सगळी पुस्तकांची. टीव्ही नव्हता. चहा आणि खारी समोर यायची आणि माझी तोंडी परीक्षा सुरू व्हायची. वर आलो की बायको विचारायची, "पास झालात का?"

या परीक्षेमुळेच मी काढायला लागलो. माणूस दिसला नाही तर तो आवडला की नाही, हे कसं सांगणार? जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जुन्या प्रिंटच्या पाठकोऱ्या कागदांवर मी कादंबरीतली माणसं काढून बघायला लागलो. मनाने चेहरा तयार होईना, म्हणून आजूबाजूचे चेहरे उचलले. एका कादंबरीतल्या चिडक्या मास्तराला आमच्या कँटीनच्या मॅनेजरचा चेहरा दिला. तो शोभला. एका सरपंचाला माझ्या साहेबांची हनुवटी दिली. पळून जाणाऱ्या मुलीला बायकोच्या कॉलेजातल्या फोटोवरून काढलं. ते तिला कळल्यावर तिने दोन दिवस तो कागद फ्रिजवर लावून ठेवला होता.

मास्तराचं चित्र मी ताईंना दाखवलं. त्यांनी कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं.

"मला तो टकला वाटला होता," त्या म्हणाल्या. "पण नाही. तुमचंच बरोबर आहे. असाच असणार तो. केस आहेत, पण विंचरायला कुणी सांगणारं नाही."

मला त्या दिवशी जो आनंद झाला तो ऑफिसातल्या कुठल्या इन्क्रिमेंटने झाला नव्हता. त्यानंतर मी प्रत्येक पुस्तकाबरोबर एक-दोन चित्रं घेऊन जायला लागलो. त्यांचे दोन प्रश्न आणि माझी दोन चित्रं, असा आमचा रविवार झाला.

एकदा करावे गावात मासळी घ्यायला गेलो होतो. ऑफिसपासून जवळ पडतं, म्हणून अधूनमधून जातो. तिथल्या एका मावशींचा चेहरा मी होडीवाल्या बाईच्या गोष्टीसाठी उचलला होता. कागद शर्टाच्या खिशात होता, तो पैसे काढताना खाली पडला. मावशींनी उचलून बघितला आणि खो खो हसत शेजारणीला दाखवला. "आरं बाबा, माजा नाक येवडा मोटा हाय?" मग मलाच म्हणाल्या, "पन ऐट बराबर हाय." वर दोन बोंबील जास्त घातले. त्या दिवसापासून माझी अशी समजूत झाली की कुणाचा चेहरा घेतला तर माणूस खूशच होतो. मी कुणाला काय म्हणून काढतोय, याचा विचार करायची मला कधी गरज वाटली नाही.

माझ्या वाढदिवसाला ताईंनी मला निळ्या पुठ्ठ्याची एक स्केचबुक दिली. कागद जाड, जरा खरखरीत. त्या स्वतः वाशीला जाऊन घेऊन आल्या होत्या. "पाठकोऱ्या कागदावर काढलेली माणसं पाठकोरीच राहतात," असं काहीतरी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "आता नीट काढा. एका पुस्तकातली सगळी काढा."

मी खाणावळीची गोष्ट निवडली. ती त्यांचीच आवडती कादंबरी होती. एका तालुक्याच्या गावात एक कुटुंब खाणावळ चालवतं, त्या घराची गोष्ट. माणसं भरपूर. त्यात एक आत्या आहे. लग्न न झालेली, भावाच्या घरी राहणारी. ती घरभर दारांआड उभी राहून इतरांचं बोलणं ऐकते आणि इकडचं तिकडे करते. तिच्यामुळे घरातल्या थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं.

"कोण नाही आवडलं?" ताईंनी विचारलं तेव्हा मी एका क्षणात म्हणालो, "आत्या. असली माणसं घर नासवतात."

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मला तिचंच वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पूर्ण पुस्तकात तिला कुणी समोर बसवून काही सांगत नाही. सगळं तिला मागाहून कळतं. मग ती दाराआड उभी राहणार नाही तर काय करणार?"

"म्हणून चोरून ऐकायचं?"

"ते वाईटच. मी समर्थन नाही करत." आणि मग त्यांनी एक्स्चेंजबद्दल सांगितलं. पूर्वी ट्रंक कॉल जोडून दिला की ऑपरेटरला हवं तर दोन्हीकडचं बोलणं ऐकू यायचं. काही जणी ऐकायच्या, दुपारी डबे खाताना त्यावर हसायच्याही. ताईंनी कधी ऐकलं नाही. "नोकरीत मी दुसरं काही फार मोठं केलं नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याचं बोलणं ऐकलं नाही. एकदाही नाही. लाइन लागली की ऐकायची कळ बंद."

हे त्या मला सांगत होत्या आणि मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. बोलताना, आणि विशेषतः मी बोलत असताना, त्या मान डावीकडे वळवून उजवा कान किंचित पुढे करायच्या. हनुवटी वर, डोळे जमिनीकडे. ती ढब मी कितीतरी रविवार बघत आलो होतो. मला वाटायचं, वर्षानुवर्षं हेडफोन लावून बसल्याची सवय असेल. त्या दिवशी ती ढब बघता बघता मला आत्या दिसली. पुरी दिसली. दार, फट, आणि त्या फटीशी आलेला कान.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती काढली. डबा उघडलाच नाही. अंबाडा, बारीक खांदे, दारावर टेकवलेली बोटं, आणि ती मान. माझ्या हातून इतकं सरळ, खोडरबर न लावता झालेलं चित्र त्याआधी नव्हतं आणि नंतरही झालं नाही. खाली पेन्सिलीने लिहिलं, 'आत्या, दाराआड'. चित्र बघून मी स्वतःवरच खूश होतो. ज्या बाईने मला कालच सांगितलं होतं की मी आयुष्यात कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही, तिलाच मी चोरून ऐकताना काढलं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण चित्र इतकं जमलं होतं की मी ते बाजूला सारलं. ठरवलं, हे पान त्यांना दाखवायचं नाही. बाकीची दाखवू.

आणि तशी बाकीची दाखवत राहिलो. वही माझ्या हातात ठेवून, पानं मीच उलटून.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी ताईंची भाची कऱ्हाडहून आली. तिचं वाशीला काही काम होतं, म्हणून दोन दिवस मावशीकडे उतरली होती. मी संध्याकाळी ऑफिसातून आलो. मुलगी तेव्हा चौथीत होती, अभ्यास करत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "बाबा, खालच्या आजी आलेल्या. तुझी वही मागत होत्या, त्यांच्या भाचीला दाखवायला. मी दिली."

"कुठली वही?"

"ती निळी. त्यांनीच दिलेली ना तुला?"

मी तसाच खाली गेलो. दार उघडं होतं. भाची आत चहा करत होती, भांड्यांचा आवाज येत होता. वही टीपॉयवर मिटून ठेवलेली होती आणि ताई तिच्याकडे बघत बसल्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. म्हटलं, "अजून अर्धवट आहे ती. पुरी झाली की दाखवणारच होतो."

"छान झालीय. खाणावळीचा मालक फारच छान." त्यांनी वहीवर हात ठेवला. "आणि आत्याही जमलीय. मान बरोबर आली आहे."

"ताई, ती..."

"पण ती दाराआड उभी आहे," त्या म्हणाल्या. आवाज वर चढला नाही की खाली गेला नाही. एखादा नंबर वाचून दाखवावा तसं म्हणाल्या.

त्या वेळी मला एकच वाक्य म्हणायचं होतं. चुकलं माझं, तुमचीच मान घेतली मी. एवढंच. त्याऐवजी मी हसलो आणि म्हणालो, "ती आमची साताऱ्याची चुलती आहे. गावी असते. तिचा अंबाडापण अगदी असाच."

तेवढ्यात भाची चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "दादा, मावशीचं चित्र तर..." ती सुरू झाली.

"साखर कमी घातलीस ना माझ्यात?" ताई मध्येच म्हणाल्या.

भाचीने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कप पुढे केले. आम्ही तिघांनी चहा घेतला. वही उचलून मी वर आलो आणि आल्या आल्या ते पान फाडलं. दोनदा फाडलं, चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. बायको ओट्यापाशी होती.

"अहो, ते चांगलं होतं," ती म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

"काय नाही कळायचं? ताई होत्या त्या."

म्हणजे तिला कळलं होतं, भाचीला कळलं होतं, आणि मी चुलतीची गोष्ट सांगून आलो होतो.

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा खाली गेलो. ताईंनी दार उघडलं, चहा केला, दोन प्रश्न विचारले. पण काहीतरी बदललं होतं. त्या ताठ बसल्या होत्या, मान सरळ, नजर माझ्या चेहऱ्यावर. मी काही सांगावं आणि त्यांनी भलतंच उत्तर द्यावं. मी म्हणालो, शेवट घाईत केल्यासारखा वाटला. त्या म्हणाल्या, "हो, उन्हाळा यंदा लवकरच आला." मी म्हणालो, बहिणीचं पात्र चांगलं लिहिलंय. त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, त्यांना माझ्याशी बोलायचंच नाही, शिष्टाचार म्हणून बसवून घेतलंय. अर्ध्या तासात मी उठलो. त्यानंतरच्या रविवारी तसंच. मग मी जाणं कमी केलं. पुस्तक मुलीच्या हाती पाठवायला लागलो, मग तेही थांबलं. पार्किंगमध्ये त्या दिसल्या की मी फोन कानाला लावून लिफ्टकडे जायचो. फोनवर कुणी नसायचं.

असे तीन-साडेतीन महिने गेले.

एका रविवारी मुलगी खालून आली आणि म्हणाली, "बाबा, आजींनी बोलावलंय. आणि त्यांच्या कानात मशीन आहे."

मी गेलो. ताईंच्या डाव्या कानामागे त्वचेच्या रंगाचं छोटं यंत्र होतं. त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि स्वतःच सुरुवात केली.

"तुमच्या चित्राचे उपकार झाले," त्या म्हणाल्या.

मला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. भाचीने ते चित्र बघितल्या बघितल्या विचारलं होतं, मावशी, तू अशी मान का करतेस? किती वर्षं करतेस? ताईंनी उडवून लावलं. पण ती पोरगी हटली नाही. कऱ्हाडला गेल्यावर रोज फोन करून मागे लागली, मग परत येऊन त्यांना पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डावा कान जवळजवळ गेला होता. हेडफोनचा कान. कधीपासून, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. त्या नकळत उजवा कान पुढे करून भागवत होत्या, आणि ऐकू कमी येतंय हे कुणाला कळू देत नव्हत्या. तीस वर्षं ज्यांनी ऐकण्याचीच नोकरी केली, त्यांना ते सांगण्याची लाज वाटत होती.

"तुमचं चित्र बघितलं त्यानंतर मी मान सरळ ठेवायला लागले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघणाऱ्याला वाटतं की ही बाई कान लावून बसते. मग तुम्ही काय बोलायचात ते निम्मं ऐकूच यायचं नाही. तुम्हाला काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून द्यायचे."

मी खाली बघत होतो. उन्हाळा लवकर आला, हे उत्तर मला आठवत होतं.

मी ती मान बरोबर काढली होती, खांदे बरोबर काढले होते. पण ती मान तशी का आहे, याचं कारण मी माझ्याच मनाने ठरवून टाकलं होतं. आधी सवय म्हटलं, मग चोरून ऐकणं म्हटलं. इतके रविवार समोर बसून मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. प्रश्न विचारायचं काम नेहमी त्यांचं होतं.

"ते चित्र मला द्याल?" ताईंनी विचारलं. "भाची म्हणते फ्रेम करू. मला फ्रेम नको, पण असू दे माझ्याकडे. माझ्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं हो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा लागलं मला, खोटं नाही सांगत. पण नंतर वाटलं, बघितलं तर खरं कुणीतरी."

आता तरी खरं सांगणं भाग होतं. "मी ते फाडलं, ताई."

"फाडलं?"

"त्याच दिवशी. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून."

त्यांनी कानामागचं यंत्र बोटाने नीट बसवलं. मग म्हणाल्या, "वाईट मला वाटलं होतं. फाडायचं की नाही, ते मला विचारायचं होतंत."

त्या वेळीही मी एवढंच कबूल केलं की फाडलं. चुलतीची गोष्ट खोटी होती, हे शब्दांत म्हटलं नाही. त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि तेवढ्यावर मी भागवलं. "मी दुसरं काढून देतो," म्हणालो. "याहून चांगलं."

मी महिनाभर काढत होतो. निळ्या वहीची पुढची दहा-बारा पानं त्यातच गेली. दरवेळी त्यांचा चेहरा यायचा, पण तो फोटोसाठी बसलेल्या बाईचा. दार काढायला हात धजेना, म्हणून खिडकी काढली. दारावरची बोटं नकोत, म्हणून हातात पुस्तक दिलं. मान कलती करायला गेलो की वाटायचं, पुन्हा तेच म्हणतील, आणि सरळ केली की त्या नाहीशा व्हायच्या. शेवटी एक बरं साधलं. खिडकीशी बसून वाचणारी बाई, प्रसन्न चेहरा, अंबाडा नीट. ते पान कापून, पुठ्ठा लावून मी खाली घेऊन गेलो.

ताईंनी चष्मा लावला. उजेडाकडे धरून पाहिलं, मास्तराचं पाहिलं होतं तसंच.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कोण आहे ही?"

मला वाटतं, त्या थट्टा करत नव्हत्या. खरोखरच विचारत होत्या. मी म्हणालो, "तुम्ही." त्या "हो का," म्हणाल्या आणि चित्र कपाटावर उभं करून ठेवलं. नंतर मी गेलो तेव्हा ते तिथेच होतं, आणि त्यांच्या वागण्यात काही कमी नव्हतं. पण पूर्वीसारखं बोलणं पुन्हा जमलं नाही. मी उत्तरं सांभाळून द्यायला लागलो होतो. कोण नाही आवडलं, असं विचारलं की म्हणायचो, सगळीच आपापल्या जागी बरोबर आहेत. असलं उत्तर त्यांना अजिबात खपायचं नाही. पूर्वी असं म्हटलं असतं तर त्यांनी पुस्तक परत वाचायला लावलं असतं. आता त्या ऐकून घ्यायच्या.

पुढच्या वर्षी त्यांनी कामोठ्याचा फ्लॅट भाड्याने दिला आणि भाचीकडे कऱ्हाडला राहायला गेल्या. गुडघे दुखत होते, एकटीने राहणं अवघड होत होतं. तीन कपाटांतलं एक त्यांनी सोबत नेलं, एक शाळेला दिलं आणि तिसऱ्यातली हवी ती पुस्तकं मला घ्यायला सांगितली. मी बारा घेतली. खाणावळीची कादंबरी त्यांत होती. ती मी हातात घेतली आणि त्यांच्यासमोर उघडायचं टाळून सरळ पिशवीत टाकली. सामान टेम्पोत चढत होतं, सोसायटीतली निम्मी माणसं खाली आली होती. माझी मुलगी त्यांना बिलगून रडली. मी टेम्पोवाल्याला रस्ता समजावून सांगत होतो, जो त्याला माझ्याहून चांगला माहीत होता.

सुरुवातीला फोन व्हायचे. पण मशीन लावूनही त्यांना फोनवर स्पष्ट ऐकू यायचं नाही. दोन वाक्यं झाली की त्या फोन भाचीकडे द्यायच्या आणि भाची मोठ्या आवाजात माझं बोलणं त्यांना पुन्हा सांगायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाइन जोडून दिलेल्या बाईला मधे तिसरं माणूस घालून बोलावं लागत होतं, आणि मला जे बोलायचं होतं ते तिसऱ्या माणसाच्या तोंडून जाण्यासारखं नव्हतं. हळूहळू मी फोन दिवाळीपुरता ठेवला.

पत्र लिहून बघितलं. दोनदा. 'ती चुलती नव्हती' इथपर्यंत आलो आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना. सगळं स्पष्टीकरण वाटायला लागलं, माझीच बाजू मांडल्यासारखं. ती पत्रं मी फाडली नाहीत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहेत.

वाचणं चालू आहे. काढणं कमी झालं. हल्ली कुणाचा चेहरा उचलायचा तर आधी त्याला सांगतो. सांगितलं की माणूस सावरून बसतो आणि मला हवं असलेलं निसटतं. त्यामुळे कितीतरी पुस्तकं आता मी चेहऱ्यांशिवायच वाचतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. आमचं गाव साताऱ्याच्या अलीकडे. परत निघायच्या दिवशी गाडीत बसताना बायको म्हणाली, "कऱ्हाड इथून तासा-दीड तासाचं तर आहे. भेटून येऊ या ना ताईंना."

"आज उशीर होईल. पुढच्या खेपेला जाऊ."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात."

मी गाडी पुण्याच्या रस्त्याला घेतली. घाट उतरल्यावर जेवायला थांबलो. मुलगी आता आठवीत आहे. ताट येईपर्यंत मोबाइल बघत होती, मग एकदम म्हणाली, "बाबा, आजी अजून वाचतात का रे?"

"वाचत असतील," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं.